एकशे सत्तेचाळीस पौंड

कारकार, सेबू
३ मे १९९३

टिक्यो,

पाकिटावरचं नाव वाचून हे पत्र चुलीत घालायला निघाला असशील तर थांब. आधी खाली बस आणि कॉन्सोलासियोन वहिनीला पाणी आणायला सांग.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांना चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणार तरी काय? आपल्या बेटांवर मुष्टियोद्धे चिक्कार, पण सगळे चिमणीएवढे. कोणी एकशेबारा पौंड, कोणी एकशेअठरा. एकशे सत्तेचाळीस पौंडांचे वेल्टरवेट म्हणशील तर दोनच, जाग्नाचा नांगर म्हणजे तू आणि कारकारचा रेडा म्हणजे मी. तुझ्यासमोर उभं करायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं आणि माझ्यासमोर तुझ्याखेरीज. म्हणून पाच वेळा आपणच आपल्याला बडवलं आणि त्यालाच आपण आपली कारकीर्द म्हणतो. दोन लढती तुझ्या, दोन माझ्या. पाचवी सेबूची, आठव्या फेरीत वीज गेली ती. वीज आली तेव्हा आपण दोघं उभे होतो आणि रेफरी आडवा होता. त्याला कोणी मारलं यावर मी आज काही बोलत नाही.

बोलायचं आहे ते वेगळंच. माझा धाकटा नेस्तोर बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. तुझी धाकटी निम्फा सेबू शहरात इस्पितळात नर्स आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय. मी पोरीला आडनाव विचारलं, तिने सांगितलं, आणि मी तिच्या हनुवटीकडे बघतच राहिलो. ही हनुवटी फोडायला मी अठ्ठेचाळीस फेऱ्या घालवल्या आहेत. तिला मात्र ती शोभते.

तेव्हा रीतीप्रमाणे माणसं घेऊन तुझ्या दारात मागणी घालायला येतो. डुक्कर भाजून आणीन, माझ्या हातचं. बाजारातल्या माझ्या दुकानावर लोक त्याच्यासाठी रांग लावतात. माझं मागणं एकच. लग्न याच वर्षी व्हावं, नाताळच्या आत. पोरं तयार आहेत, उगाच लांबण कशाला लावायची?

तब्येत माझी ठणठणीत. एकशे पासष्ट पौंड, सगळे जागच्या जागी.

पोरोंग


जाग्ना, बोहोल
१२ मे १९९३

पोरोंग,

पत्र चुलीत घातलं नाही. चुलीवर कॉन्सोलासियोनची कालामायची कढई होती, जागाच नव्हती. तिचा कालामाय आता बंदरावर विकायला जातो. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळ चार तास घोटायचा आणि करवंटीत भरायचा. मी चव बघायच्या कामावर आहे.

रेफरीला तू मारलंस. हे एकदा लिहून टाकलं, आता बाकीचं शांतपणे लिहितो.

निम्फाने मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी खडसावून विचारलं तर म्हणते, 'तातय, वेळ आली की सांगणार होते.' पोरगा भेटला कुठे, तर म्हणे कामाच्या ठिकाणी. बर्फवाल्याचं इस्पितळात काय काम, यावर गप्प. तुझा पोरगा बरा आहे असं इतरांकडून कळलं. बापावर गेला नसावा.

पण लग्न या वर्षी होणार नाही. थोरल्या फेलिसाचं फेब्रुवारीत झालं. एका वर्षात दोन बहिणींची लग्नं म्हणजे एकीने दुसरीचं नशीब खायचं, हे तुलाही ठाऊक आहे. मी असलं काही मानत नाही. पण मी ज्या बाईच्या हातचं जेवतो ती मानते.

तरी तू इतक्या लांबून विचारतोस म्हणून एक वाट ठेवतो. मुलीच्या बापाने अट घालावी आणि मुलाकडच्यांनी ती पुरी करावी ही आपली जुनी रीत. माझ्या सासऱ्याने मला सात महिने विहिरीचं पाणी वाहायला लावलं, घरात नळ असताना. मी तेवढा दुष्ट नाही. माझी अट एवढीच की मागणी घालायला येशील तेव्हा वेल्टरवेट म्हणून ये. बरोबर एकशे सत्तेचाळीस पौंड, तोळाभर वर नाही की तोळाभर खाली नाही. आमच्या अंगणात खोबरं तोलायचा काटा आहे. कॉन्सोलासियोनचे काका, तियो बेर्नाबे, बंदरावर तीस वर्षं तोलणी करत होते, ते वाचतील. भरलास तर तारीख तुझी, याच वर्षीची. कॉन्सोलासियोनचं तोंड मी बंद करीन, कारण वडीलधाऱ्यांसमोर दिलेला शब्द मोडणं हे तिच्या लेखी कुठल्याही अपशकुनाहून वाईट. नाही भरलास तर लग्न १९९५ साली. ९४ साल मी खास तुझ्यासाठी वगळलं आहे.

एकशे पासष्ट म्हणतोस. मुष्टियोद्धा आपलं खरं वजन फक्त पाद्रीबाबाला सांगतो आणि तेही जरा कमीच करून. डुकराच्या दुकानात बसणारा माणूस तू, माझ्या हिशेबाने दोनशेला टेकला असशील.

टिक्यो


कारकार
२० मे १९९३

टिक्यो,

अट मान्य. पण काटा एकट्याचा कधी झालाय? लढतीआधी दोघंही चढतात. तूही चढायचंस.

मी भरलो आणि तू चुकलास तर तारीख माझी. तू भरलास आणि मी चुकलो तर तुझं ९५ साल. दोघंही भरलो तर ९४ मध्ये मांडवली. हे मी कागदावर लिहून सही करून पाठवतो आहे, तूही कर आणि तियो बेर्नाबेंच्या हवाली कर. १४ ऑगस्टच्या शनिवारी येतो.

तू स्वतःच चव बघायच्या कामावर आहेस असं लिहिलंस. दुसऱ्याचं पोट मोजायला निघालास आणि आपलं झाकायला विसरलास. सेबूच्या लढतीतही तुझी डावी बाजू अशीच उघडी पडायची.

पोरोंग


जाग्ना
८ जून १९९३

पोरोंग,

सही करून कागद दिला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

कितीवर होतो आणि कितीवर आलो ते सांगणार नाही. पण ऐक काय चाललंय ते. पहाटे घाम सुटावा म्हणून अंगावर खताच्या पिशव्या गुंडाळून बंदराच्या धक्क्यावर धावतो. पहिल्या दिवशी कोळ्यांनी जाळी सोडून टाळ्या वाजवल्या. आता नुसती वेळ विचारतात, माझ्यावरून घड्याळं लावतात म्हणे. दुपारी मोरीशी डबा घेऊन बसतो आणि चिंच चघळून थुंकतो. आठवतं ना? अर्धा पौंड थुंकीत जातो असं आपले मास्तर म्हणायचे. परवा पाद्रीबाबा आले, मला डब्यात थुंकताना पाहिलं आणि कॉन्सोलासियोनला बाजूला घेऊन विचारलं, हे किती दिवसांपासून?

खरी गंमत कॉन्सोलासियोनची आहे. मला वाटलं ती कटकट करील. पण कागदावरची अट तिने तीन वेळा वाचली आणि तिला कळलं, की मी भरलो तर लग्न या वर्षी होऊच शकत नाही. तेव्हापासून तीच माझी मास्तर. मडक्यांना कुलपं आहेत. सकाळी रताळ्याचा पाला, संध्याकाळी रताळ्याचा पाला, आणि रविवारी देवाच्या नावाने एक उकडलेलं अंडं. आणि याच घरात रोज चाळीस करवंट्या कालामाय घोटला जातो. काल मी उलथन्याला चिकटलेला चाटताना सापडलो. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, 'पंचावन्न वर्षांचे आहात तुम्ही.' तेवढंच.

तीस वर्षांपूर्वी ही बाई माझ्या कोपऱ्यात असती तर मी मनिला गाजवलं असतं.

टिक्यो


कारकार
१९ जून १९९३

टिक्यो,

तुझं पत्र जेवताना वाचलं. आता मी दिवसभर जेवतोच आहे म्हण.

सकाळी सहा पाव, त्यात लोणी. नऊ वाजता सुक्या माशाबरोबर लसणीचा भात. अकराला दुकानात डुकराची कातडी, दाताखाली मोडते तेव्हा शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाते. दुपारी बरगड्या. चारला उकडलेली केळी आणि चॉकलेटची पातळ खीर. रात्री पुन्हा भात, पुन्हा बरगड्या. माझी बायको दामियाना वाढते, मी खातो. कमी करायचं ते शेवटच्या आठवड्यात घाम गाळून करीन, मला घाई नाही.

हे सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल तर डबा जवळ घे. वाया घालवू नकोस.

पोरोंग


जाग्ना
४ जुलै १९९३

पोरोंग,

हा पट्ट्याखालचा ठोसा होता. कातडीच्या ओळीवर मी पत्र मिटलं आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो.

पण ऐक. एकशे एक्कावन्न. हो, खरं वजन सांगतोय, कारण आता मला लाज नाही. माझ्या लग्नातला कोट बसतो. कॉन्सोलासियोन शेजारणींना बोलावून मला वळून दाखवायला लावते. तू मात्र सुंभ जळला तरी पीळ सोडू नकोस, खा. मी १९९५ चा जून पक्का करतो आहे, तेव्हा पाऊसही असतो आणि तुझ्या माणसांना बोटीत उलट्याही होतील.

घोडामैदान जवळच आहे.

टिक्यो


कारकार
१२ जुलै १९९३

मानोय टिक्यो यांस,

मी दामियाना, सिन्फोरोसोची, म्हणजे तुमच्या पोरोंगची बायको, म्हणून तुम्हाला थोरल्या भावासारखं मानोय म्हणते. आपण एकदाच भेटलो आहोत, सेबूच्या लढतीनंतर. तुमचा एक डोळा बंद होता, त्यामुळे तुम्ही मला अर्धीच पाहिली असेल. हे पत्र मी बाजारात बसून लिहिते आहे. ह्यांना कळता कामा नये.

तुम्ही लिहिता की हे जाडे आहेत, आणि हेही तुम्हाला तसंच लिहितात. मानोय, ह्यांचं वजन एकशे चोवीस आहे. जानेवारीत ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला. ज्या रोगाचं नाव आम्ही घरात घेत नाही, तोच. ह्यांना अकरा दिवस इस्पितळात ठेवलं होतं. नेस्तोर रोज डबा घेऊन जायचा आणि पट्टी बदलायला जी नर्स यायची ती तुमची निम्फा. पोरांची ओळख तिथली. ह्यांनी तिला शपथ घातली की वडिलांना सांगायचं नाही, आणि तिने ती पाळली. तिच्यावर रागावू नका.

लग्नाची घाई ह्यांना का आहे हे आता तुम्हाला कळलं असेल. डॉक्टरांना मी पुढच्या वर्षाचं विचारलं. ते म्हणाले, 'पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू.'

ह्यांनी तुमच्या अटीचं पत्र वाचलं त्या दिवसापासून हे एकशे सत्तेचाळीस व्हायचं म्हणून खात आहेत. तुम्हाला लिहिलं ते सगळं खरं आहे. सहा पाव खरे आहेत, बरगड्याही खऱ्या आहेत. फक्त ते पोटात राहत नाही. डॉक्टरांनी वाटीभरच्या वर सांगितलेलं नाही. मी वाढलं नाही तर हे स्वतः उठून घेतात. दोन महिन्यांत तीन पौंड वाढलेत आणि हे काट्यावर उभं राहून मला डोळा मारतात. आजारी आहे हे सांगून सवलत मागा, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले, टिक्योसमोर मी अठ्ठेचाळीस फेऱ्यांत एकदाही बसून घेतलं नाही, आता बसू का?

माझं म्हणणं एवढंच, की काहीतरी करा. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. मी हात जोडते.

दामियाना


जाग्ना
१७ जुलै १९९३

दामियाना वहिनींस,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी काट्यावर उभा होतो. एकशे सत्तेचाळीसवर यायला अर्धाच पौंड उरला होता. कॉन्सोलासियोनने आनंदाने घंटा वाजवल्यासारखं भांडं वाजवलं होतं. मी पत्र वाचून खाली उतरलो आणि पायरीवर जाऊन बसलो, तेव्हा ती म्हणाली, भुकेने होतं तसं.

मला फार वाईट वाटतं आहे. मी थट्टा करत होतो. त्याच्याशी मला दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येत नाही.

आता ऐका. आजारपणाची सवलत म्हणून मी तारीख दिली, तर तो ती घेणार नाही. उलट उद्यापासून आठ पाव खाईल. शिवाय घरचा अपशकुनाचा प्रश्न आहेच. कॉन्सोलासियोनला नुसतं समजावून भागणार नाही, तिच्यासमोर मी हरायला हवा. दोघंही भरलो तर लग्न ९४ ला जातं, म्हणून त्याने भरायला हवं आणि मी चुकायला हवं. दोन्ही गोष्टी मी बघतो. तुम्ही त्याला वाटीभरच वाढा.

वहिनी, दोन महिने मी ज्यासाठी तडफडलो ते आता मला हुकमाने करायचं आहे. काम वाईट नाही.

टिक्यो


जाग्ना
१८ जुलै १९९३

पोरोंग,

एक अडचण झाली आहे. तियो बेर्नाबेंनी कुठूनतरी मुष्टियुद्धाची जुनी नियमावली काढली आणि भिंग लावून वाचली. त्यात लिहिलंय की वेल्टरवेटला वरची मर्यादा असते, खालची नसते. एकशे सत्तेचाळीसच्या वर गेला तो चुकला, खाली कितीही चालतं. म्हणून माझं 'तोळाभर खाली नाही' त्यांनी माझ्यासमोर खोडलं. मी भांडलो, पण ऐंशी वर्षांच्या माणसाशी किती भांडणार? तू काही खाली जायचा नाहीस, तेव्हा तुला फरक पडत नाही. तरी कळवणं माझं काम.

इकडे माझं पथ्य जरा ढिलं पडलंय. वय झालं, पोरोंग. काल एक करवंटी खाल्ली. तू पत्रांत लिहिलेल्या त्या कातडीने घात केला बघ.

टिक्यो


जाग्ना
२ ऑगस्ट १९९३

दामियाना वहिनींस,

त्याने खाणं कमी केलं हे वाचून बरं वाटलं. नियमावलीची गोष्ट त्याने विश्वास ठेवण्यासारखी आहे, कारण ती खरीच आहे. मी फक्त तियो बेर्नाबेंच्या हातात ठेवली.

माझी हकिकत हसण्यासारखी आहे. घरात मडक्यांना कुलपं आणि कॉन्सोलासियोन दाराशी. म्हणून मी पहाटे धावायला म्हणून निघतो, धक्क्यावर जातो आणि बोटीच्या उतारूंना कालामाय विकणाऱ्या बाईकडून विकत घेऊन खातो. माझ्याच घरचा, माझ्याच बायकोच्या हातचा, वर बंदराचा भाव. रोज चार करवंट्या. कोळी पुन्हा टाळ्या वाजवायला लागले आहेत. काल कॉन्सोलासियोन म्हणाली, धंदा वाढलाय. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, तुमचंही वाढलंय. या दोन गोष्टींचा संबंध तिने अजून लावलेला नाही. पण ती काल रात्री जेवताना रडली, की इतकं जवळ येऊन तुम्ही माती खाल्लीत. मी मूग गिळून बसलो. त्याचंही वजन होत असेल.

मला त्या दिवशी अंगणात नुसतं हरायचं नाहीये. त्याचा सदरा गळ्याशी किती सैल झालाय ते कोणाच्या लक्षात येऊ नये, असं हरायचं आहे. लोकांना हसायला काहीतरी द्यावं लागेल. ते माझ्यावर सोडा.

टिक्यो


कारकार
१७ ऑगस्ट १९९३

टिक्यो,

तियो बेर्नाबेंनी शनिवारी सगळ्यांसमोर तारीख विचारली तेव्हा मी पत्राने कळवतो म्हटलं. म्हणून हे पत्र. तारीख शेवटी लिहितो, आधी बाकीचं.

मी बोटीतून उतरलो तो तुझ्या अंगणातल्या काट्याचाच विचार करत. दोन महिने मला एकाच क्षणाची भीती होती. मी काट्यावर चढणार, आकडा वाचला जाणार, आणि कोणीतरी जिभेने च्च च्च करणार. मला ठोशांची भीती कधी वाटली नाही, पण त्या आवाजाची वाटत होती.

मग तू चढलास. एकशे एकोणसाठ. तू म्हणालास काटा चुकीचा आहे आणि सदरा काढलास. एकशे अठ्ठावन्न. मग बूट. मग म्हणालास, पट्टा जड आहे. मग तियो बेर्नाबेंनी नको म्हणायच्या आत पॅंट काढलीस, आणि आत पिठाच्या पोत्याची चड्डी, मागच्या बाजूला गिरणीचा छाप. माझी आत्या खुर्चीवरून घसरली. पाद्रीबाबा भिंतीकडे तोंड करून हलत होते. तू मग श्वास सोडून बघितलास, एका पायावर उभा राहून बघितलास, आणि डबा मागवून थुंकायला लागलास, तेव्हा माझ्या बाजूची माणसंही तुझ्या बाजूच्या माणसांच्या गळ्यात पडून रडेपर्यंत हसली. त्या गोंधळात मी चढलो. तियो बेर्नाबेंनी 'एकशे अठ्ठावीस, भरला' म्हटलं आणि ते कोणी ऐकलंसुद्धा नाही. मी उतरलो, सदऱ्याचं बटण लावलं आणि डुक्कर कापायला घेतलं. कोणी च्च च्च केलं नाही.

टिक्यो, तू माझ्यासमोर दोनदा खरा पडला आहेस. तू पडतोस कसा हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. आधी तुझा डावा गुडघा जातो आणि तू चिडलेला असतोस. शनिवारी तू चिडलेला नव्हतास. शिवाय मी दोन महिने ठरवून खाल्लंय. ठरवून खाणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मी रोज आरशात पाहिलंय. आणि पॅंट काढलीस ती चूक केलीस. पाय जुलैचे होते आणि पोट ऑगस्टचं.

दामियाना महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नाही. मी तिला काही विचारलं नाही, तुलाही विचारणार नाही. तूही काही सांगू नकोस. सांगितलंस तर मला आभार मानावे लागतील आणि ते आपल्या दोघांनाही झेपणार नाही.

पण जिंकलो ते मी ठेवून घेतो आहे, परत करत नाही. आता तीन माझ्या आणि दोन तुझ्या, आणि हे मी बाजारात सांगायला सुरुवातही केली आहे.

निघताना कॉन्सोलासियोन मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला वाटलं अपशकुनावरून बोलणार. तिने माझ्या मनगटाला हात लावला, तिचा अंगठा आणि मधलं बोट सहज जुळलं. मग तिने माझ्या हातात करवंट्यांची टोपली दिली आणि म्हणाली, 'रोज दोन चमचे, जास्त नाही.' आणि म्हणाली, 'दोन बहिणींचं मी देवाशी बघून घेईन.' तेव्हा तुझं मी काही सांगत नाही, पण तिच्यापासून काही लपवायचं आता सोड. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तुझी चड्डी वाळत घालताना ती एकटीच हसत होती, मी मोरीच्या खिडकीतून पाहिलं.

आता तारीख. मी मुळात डिसेंबर धरला होता. नाताळची गाणी, थंड हवा, माणसं सुट्टीवर. पण शनिवारी तुम्ही सगळे जेवत असताना मी तुमच्या चर्चमध्ये जाऊन आलो. लग्नात मला नेस्तोरच्या शेजारून दारापासून वेदीपर्यंत चालायचं आहे, दामियाना दुसऱ्या बाजूला. मी ते अंतर चालून पाहिलं. त्रेचाळीस पावलं आहेत. मध्ये एकदा बाक धरावा लागला, पण बसलो नाही.

तेव्हा ९ ऑक्टोबर, शनिवार. नेस्तोरला मी सांगितलं की त्या आठवड्यात डुकरं स्वस्त असतात. निम्फाने काही विचारलं नाही, नुसती कॅलेंडरवर खूण केली. ऑक्टोबरमध्ये त्रेचाळीस पावलं मला जमतील. डिसेंबरचं मी सांगू शकत नाही.

तुझा व्याही,
पोरोंग